सोलापुरातली स्की जंप

“देवयानी, त्या बर्फावरून उडणाऱ्या बाबाला टीव्हीवर सारखं लावू नको गं. घरातलं कुणीतरी करून बघंल की!” शेजारच्या जाहिदाभाभींनी बजावलं, तेव्हा देवयानी नुसती हसली. सोलापुरात बर्फ दिसतो तो उसाच्या रसात!

पण स्की जंपिंगच्या त्या जगज्जेत्याने पहिली उडी चौथ्या वर्षी, गोठ्याच्या छपरावरून मारली होती, हे कळल्यावर तिची झोपच उडाली. तिचा ईशान नुकताच चार वर्षांचा झाला होता. तिने गच्चीला कुलूप घातलं, खिडकीजवळच्या खुर्च्या हलवल्या. नवरा मुकुंद मात्र सोफ्यावर लोळत, चिवडा चघळत त्या चँपियनच्या चुका काढत होता, “लँडिंग गंडलं बघ याचं!”

रविवारी दुपारी भाभींच्या शेळ्यांच्या शेडचा पत्रा दणाणला, मागोमाग धप्पकन आवाज आला. “ईशाऽऽन!” देवयानी किंचाळत धावली. ईशान तिच्याच कडेवर आहे, हे तिला तिथे पोचल्यावर कळलं.

कडब्याच्या ढिगात, पायांना पलंगाच्या फळ्या बांधलेला मुकुंद कण्हत होता, “शूट केलंस का गं?”



पोरांवर तुमचं लक्ष असतंच हो. आधी उठा आणि तुमचे ‘हे’ कुठे आहेत, ते बघून या.