जमिनीखालची खोली

व्हिडिओ गेममधली पडक्या कारखान्याची लेव्हल काही केल्या कन्सोलवर चालेना. पहिली गोळी सुटायच्या आतच गेम धापा टाकत बंद पडायचा. कारखान्याच्या जमिनीखाली नको तितकं सामान पडून होतं. खेळणाऱ्याला ते कधी दिसणार नव्हतं, पण यंत्राला सगळं उचलावं लागत होतं.

सामान ताईच्या धाकट्या भावाचं होतं. ताई लेव्हल बांधायचं सॉफ्टवेअर, म्हणजे एडिटर, तयार करायची आणि भाऊ त्यात लेव्हल बांधायचा. त्याच्यामुळे अख्खं ऑफिसच तिला ताई म्हणायला लागलं होतं. एडिटरात एखादी वस्तू पुसायला गेलं की सगळं गोठायचं, म्हणून भाऊ नकोसं झालेलं जमिनीखाली ढकलून मोकळा व्हायचा. “ताई, तेवढं डिलीट नीट कर ना गं,” असं तो कानीकपाळी ओरडायचा. “पुढच्या आठवड्यात,” ती म्हणायची. तो आठवडा काही उजाडला नाही. भाऊ अपघातात गेला आणि मग तिनं झपाटल्यासारखं बसून ते डिलीटचं बटण दुरुस्त केलं.

आज ते त्याच्याच लेव्हलवर चालवायचं होतं. त्याच्या जागी आलेली नवी डिझायनर शेजारी बसली होती.

“ताई, तुम्ही राहू द्या. मी दाबते.”

“थांब. आधी खाली काय आहे ते बघू दे.”

तिनं कॅमेरा जमिनीतून खाली उतरवला. अर्धवट जिने, उलटे पडलेले ट्रक, न जमलेल्या भिंती. पसारा घालण्यात पठ्ठ्याचा हात कोणी धरला नसता. त्या पसाऱ्यामागे एक खोली होती. त्यांच्या लहानपणचं स्वयंपाकघर. तेच टेबल, त्याच्या आखूड पायाखाली कागदाची घडी, आणि दोन खुर्च्या. खिडकीजवळच्या खुर्चीसाठी दोघं रोज हातघाईवर यायची. ती त्यानं टेबलापासून जराशी मागे ओढून ठेवली होती, कुणाला तरी बस म्हणावं तशी. ताईला भडभडून आलं.

“हे लढाईत कुठं वापरायचं होतं?” डिझायनरनं विचारलं.

“कुठंच नाही.”

“मग कॉपी काढून ठेवू का तुमच्यासाठी?”

ताईनं डोळे पुसले. “ठेवून काय करू गं? दोघांची जागा आहे ती.”

तिनं बटण दाबलं. आज तरी मेलं गोठू दे, असं तिच्या मनात येऊन गेलं. जिने गेले, ट्रक गेले, टेबल गेलं, खुर्च्या गेल्या. कुठंही काही अडलं नाही. कन्सोलवर कारखाना झटक्यात उघडला आणि गोळीबार सुरू झाला.

“अय्या, किती सहज झालं!” डिझायनर खुशीत म्हणाली. “हे आधीच का नाही केलंत?”

“तेव्हा वेळ नव्हता,” ताई म्हणाली.