एकशे सतरावा प्रोसेसर

शुक्रवारी सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे, म्हणून वसुधाने दहा जणांना पुरतील एवढ्या अळूवड्या आणल्या होत्या. नवरा गेल्यावर घेतलेली चार महिन्यांची रजा संपवून ती सोमवारीच रुजू झाली होती. कॅन्टीनमधलं लांब टेबल रिकामं होतं.

"मॅडम, तुमची मंडळी आता गुरुवारी बसतात," काउंटरवरच्या मावशी म्हणाल्या. "कालच झालं की! ग्रुपवर आलं नाही का?"

दुःखात उगाच त्रास नको, म्हणून साहेबांनी तिला रजेपुरतं ग्रुपमधून काढलं होतं. परत घ्यायचं राहून गेलं होतं.

ती तशीच संगणक केंद्रातल्या आपल्या जागेवर येऊन बसली. महासंगणकातल्या चार हजार प्रोसेसरांची मेमरी सामाईक होती. एकाने आकडा बदलला की बाकीच्यांना निरोप जायचा: तुमच्याजवळची जुनी नक्कल टाकून द्या. तरीही एकशे सतरावा प्रोसेसर आठवडाभर जुनाच आकडा सांगत होता, आणि सगळे त्याला बिघडलेला ठरवून मोकळे झाले होते.

वसुधाने त्याला तपासलंच नाही. तिने निरोप कुणाकुणाला जातात त्याची यादी उघडली. मध्यंतरी दुरुस्तीला काढलेला तो प्रोसेसर पुन्हा बसवला होता, पण यादीत परत घ्यायचं राहून गेलं होतं. तिने त्याचा क्रमांक घातला.

"आम्ही आठवडाभर डोकं आपटत होतो," शेजारचा निनाद थक्क होऊन म्हणाला. "तुम्हाला पाच मिनिटांत कसं सापडलं?"

"सहज," ती म्हणाली, आणि न उघडलेला डबा तिने पिशवीत आत सारला.