कोंडीरामाच्या नावाचं कडवं

"समदं म्हणशील न्हवं, नबी? रेकार्डीवानी मधीच तोडू नको."

कोंडीराम वस्तादांनी हे विचारलं तेव्हा नबीलाल फळ्यांच्या मंचावर बसून पेटीचा भाता मोकळा करत होता. खाली सोनारीच्या जत्रेतली माणसं दाटीवाटीने बसली होती. भैरवनाथाचं दर्शन उरकून, प्रसादाचं खोबरं चघळत, ती आता त्याला ऐकायला आली होती. ज्याची तबकडी परांड्याच्या हॉटेलात दिवसातून दहा वेळा वाजते तो माणूस दिसतो तरी कसा, हेही बघायचं होतं त्यांना.

"समदं म्हणतो, वस्ताद," नबीलाल म्हणाला. "तुमच्यासाठीच तर आलोय."

ते खरंही होतं. नऊ वर्षांनी तो आपल्या मुलखात आला होता, तो काही सत्काराच्या हारासाठी नव्हे. वस्ताद फार थकले असं मुंबईत कुणाकडून तरी कळलं होतं. एकदा, फक्त एकदा, त्यांच्यादेखत ते गाणं शेवटपर्यंत म्हणायचं आणि मग खुशाल परत जायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

गाणं त्याचं स्वतःचंच. शब्द त्याचे, चालही त्याची. पण फडाची रीत अशी की पद कुणीही रचो, शेवटच्या कडव्यात आधी वस्तादाचं नाव यायचं, मग रचणाऱ्याचं. गळ्यात सूर ज्याने घातला त्याला विसरायचं नाही, म्हणून ही रीत. मुंबईला तबकडी भरायची वेळ आली तेव्हा कंपनीच्या साहेबाने घड्याळ दाखवलं. तीन मिनिटं. चारातलं एक कडवं काढा, कुठलंही. तिसऱ्या कडव्यात ती उंच तान होती, जिच्यावर फेटे उडायचे. ती कशी सोडवणार? नबीलालने चौथं काढलं. तबकडीवरच्या गोल कागदावर मग त्याचं एकट्याचंच नाव आलं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्याला ते आवडलंसुद्धा होतं.

"काय एकेक माणसं हायत," वस्ताद मंचाखाली शेजारी बसलेल्या बलभीमला सांगत होते. बलभीम जत्रेचा पंच. "म्हणत्यात, नबीनं वस्तादाला गाळलं. आरं, त्या मिशिनीचाच दम तीन मिंटाचा. त्यात पोराचा काय गुन्हा?"

"व्हय की," बलभीम म्हणाला.

मंचावर नबीलालला सगळं ऐकू आलं. 'कुठलंही' म्हणाला होता तो साहेब. हे साहेब आणि तो सोडून जगात कुणाला ठाऊक नव्हतं. त्याची मान खाली गेली, आणि आपण पेटीच्या पट्ट्याच बघतोय असं त्याने दाखवलं. मग आणखी काही कानावर पडायच्या आत त्याने सुरुवात केली.

"सोनारीच्या वाटंवरती ऊन मला गं भेटलं..."

पहिल्याच ओळीला जत्रा डोलायला लागली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दुसरं कडवं तर लोकांनीच म्हटलं, त्याला नुसता सूर धरावा लागला. वस्ताद डोळे मिटून मांडीवर ताल देत होते. म्हातारपणाने बोटं वाकडी झाली होती, पण मात्रा चुकत नव्हती. तिसऱ्या कडव्याची तान नबीलालने घेतली तेव्हा डोळे न उघडताच ते म्हणाले, "व्वा, बेटा!" असली दाद त्याला नऊ वर्षांत कुणी दिली नव्हती.

तान उतरली. आता चौथं.

आणि चौथं काही येईना.

नबीलालने पेटीवर नुसतीच धून फिरवली. कोंडीरामाचं नाव अगदी ओठांवर होतं, पण त्या नावापर्यंत नेणारी ओळ कुठे गेली? शेकडो जलशांत हे गाणं त्याने म्हटलं होतं, दर वेळी तबकडीएवढंच. लोकांना तेवढंच पाठ, हळूहळू त्यालाही तेवढंच. ते कडवं कागदावर कधी उतरवलंही नव्हतं, आणि आपलंच गाणं, येणारच, म्हणून येताना वाटेत म्हणूनही पाहिलं नव्हतं. नवं जुळवावं? एके काळी उभ्याउभ्या सवालाला जवाब रचणारा नबीलाल तो. पण लोक हेच गाणं मागत राहिले आणि त्यानेही कितीतरी वर्षांत दुसरं केलं नव्हतं. आता आत हात घालून पाहिला तर नुसता खडखडाट. पेटी थांबवावी आणि सांगून टाकावं, वस्ताद, विसरलो मी. एवढंच तर म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

तेवढ्यात टाळ्या पडल्या.

जत्रेला काही चुकल्यासारखं वाटलंच नव्हतं. तबकडी इथेच संपते, तेव्हा गाणंही इथेच संपलं. शिट्ट्या आल्या, कुणी टोपी उडवली, बलभीम हार घेऊन लगबगीने मंचावर चढला. नबीलालचे हात आपोआप जोडले गेले. ते बघून टाळ्या दुप्पट झाल्या. या वेळी तर घड्याळसुद्धा कुणी दाखवलं नव्हतं.

गळ्यात हार पडला. झेंडूच्या फुलांवरून त्याने खाली पाहिलं. माणसं धोतरं, लुगडी झटकत उठू लागली होती. त्यांच्या मधोमध कोंडीराम वस्ताद तसेच डोळे मिटून बसले होते आणि पुढच्या कडव्यासाठी मांडीवर ताल धरून होते.