खाणीतली माणसं

चर्चच्या जमिनीतली फरशी पोमानं पहारीनं उचकटली आणि आधी वास आला. कार्वानं नाकाला पदर लावला नाही.

"तुझा भाऊच आहे तो. उकर," ती दिराला म्हणाली.

"वहिनी, पाद्रीबाबा मध्येच परतले तर?"

"पलीकडच्या गावात बाप्तिस्मे आहेत. बाप्तिस्म्यानंतर कोंबडी असते आणि कोंबडीबरोबर दारू. दिवस मावळल्याशिवाय ते खेचरावर बसायचे नाहीत."

आमच्याकडे मेलेला माणूस डोंगरावरच्या गुहेत बसतो. गुडघे पोटाशी, तोंड वाऱ्याकडे. वर्षाकाठी त्याला नवं पांघरूण आणि मक्याची दारू मिळते. पाद्रीला ते सैतानाचं घर वाटे. मढं गुहेत नेणाऱ्या बाईचं डोकं भादरून वर पन्नास फटके, असा त्याचा कायदा होता. म्हणून कार्वाचा नवरा याउरी चर्चमध्ये पुरला गेला. समुद्रापलीकडच्या राजाच्या पाऱ्याच्या खाणीतून सक्तीची पाळी संपवून तो आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते, दात हलत होते आणि प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागत होता. "मला मातीखाली घालू नका, दम कोंडेल," एवढंच तो शेवटी बोलला होता. आज वर्ष झालं. कार्वानं पांघरूण विणून आणलं होतं.

पोमानं कवटी अलगद उचलली. तिच्याखाली ओंजळभर काहीतरी चकाकलं.

कार्वाला वाटलं, पाणी झिरपलंय. तिनं बोट लावलं. ते फुटलं, थेंबाथेंबानं पळालं आणि पुन्हा एकत्र आलं. बोट कोरडंच राहिलं.

"हात नको लावूस," पोमा म्हणाला. दोन पाळ्या त्यानंही भरल्या होत्या. "पारा आहे तो. दादाच्या अंगातला."

  नवऱ्याचं मांस मातीनं खाल्लं होतं. पण राजाची वस्तू तेवढी जशीच्या तशी होती.

तेवढ्यात दारात पाद्री उभा राहिला. खेचर वाटेतच लंगडलं होतं. कोंबडी हुकल्याचा राग आधीच डोक्यात होता, त्यात हे दिसलं.

"कुत्र्यांनो! पवित्र जमीन उकरता?"

कार्वा त्याच्या पायावर पडली. "मला मारा, पाद्रीबाबा. केस कापा. ह्याला तेवढा वर नेऊ द्या. जिवंतपणी ह्याला कधी पुरता श्वास मिळाला नाही."

पाद्रीनं चाबूक उगारला. शेवटच्या न्यायाच्या दिवसापर्यंत मढ्यानं आपल्या जागीच राहायचं असतं, हे तो आता पुन्हा सांगणार, तोच त्याची नजर खड्ड्यात गेली. हात वरच राहिला. मग तो गुडघ्यांवर बसला.

कार्वाला वाटलं, प्रार्थना करतोय. पण तो उठून बाप्तिस्म्याचं पाणी ओतायची शिंपली घेऊन आला. पवित्र तेलाची कुपी त्यानं जमिनीवर उपडी करून रिकामी केली आणि शिंपलीनं पारा उपसून कुपीत भरू लागला. थेंब बरगड्यांत पळत होते. ताटातली हाडं सारावीत तशा त्यानं बरगड्या बोटांनी बाजूला सारल्या. पोमानं तोंड फिरवलं. आम्ही इथं पुष्कळ पाहिलंय, पण शिसारी येते ती या शिंपलीचीच.

"राजाचा माल आहे," पाद्री पुटपुटला आणि कुपी स्वतःच्या खिशात घातली. पाऱ्याशिवाय पोतोसीच्या खाणीतल्या दगडातून चांदी सुटत नाही, आणि त्या चांदीवाचून समुद्रापलीकडे कुणाचं पान हलत नाही. तेव्हा पारा कुठून आला, असं गिऱ्हाईक विचारत नाही.

"ने तुझी हाडं," तो कार्वाला म्हणाला. "मी काही पाहिलं नाही."

तिनं पांघरूण पसरलं. एकेक हाड उचलून त्यात ठेवलं. राहिलेली मातीसुद्धा चाळून पाहिली.

पाद्री मात्र गेला नाही. तो फरशीवर नजर फिरवत होता. या गावात येऊन त्याला दीडच वर्ष झालं होतं. आधीच्या पाद्रीनं पुरलेली मढी त्याला कुठून ठाऊक असणार?

"खाणीतून आलेले आणखी कोण कोण आहेत इथं?"

"सांगू नकोस, वहिनी," पोमा दातओठ खात म्हणाला. "मेल्यावर तरी सोडा म्हणावं यांना."

कार्वा उठली. तिनं उजवीकडे बोट दाखवलं. तिथं तिचा बाप होता. लामांचा कळप राखता राखता म्हातारा झालेला. खाण त्यानं लांबूनही पाहिली नव्हती.

"हा खाणीतला," ती म्हणाली. "त्याच्या पलीकडचाही."

पलीकडे तिची सासू होती. पोमा आ वासून वहिनीकडे बघत राहिला. मग त्याची नजर दारातून गुहांच्या डोंगराकडे गेली आणि त्यानं मान खाली घातली.

"आणि ती? ती तर पोराची दिसते," पाद्रीनं कोपऱ्यातली लहान फरशी दाखवली. कार्वाची मुलगी देवीच्या साथीत गेली होती, तिची ती.

"अरुंद भेगांत पोरांनाच उतरवतात, पाद्रीबाबा. मोठं माणूस मावत नाही." कार्वाचा आवाज जराही हलला नाही.

"मग ही ओळ?"

"तीसुद्धा."

"अख्खी?"

"आमच्यात खाणीत न गेलेलं कोण आहे, पाद्रीबाबा?"

पाद्रीनं झगा काढून वेदीवर टाकला, तळहातांवर थुंकला आणि पोमाच्या हातातली पहार ओढून घेतली.