कीर्तनाचा शेवट

“देवळाजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह? त्यापेक्षा वेशीवर कमान बांधू!” नगराध्यक्ष म्हणाले. “बायका कीर्तनातूनही अर्ध्यावर उठतात. बसायला भक्ती लागते, ताई!”

नगरपालिकेच्या सभागृहात हशा पिकला. नगरसेविका मालनताई उभ्या राहिल्या. “अध्यक्षसाहेब, वीस वर्षं कीर्तनाचा पूर्वरंग ऐकतेय. उत्तररंगातली गोष्ट मात्र एकदाही शेवटपर्यंत ऐकली नाही. मन तिथंच असतं हो, देहाला घर गाठावं लागतं. तुमच्या मातोश्रीही माझ्याबरोबरच उठतात. विचारा त्यांना.”

हशा थांबला. अध्यक्षांनी कमानीचा ठराव बाजूला सारला आणि स्वच्छतागृहासाठी पहिला हात स्वतःच वर केला.

यंदा रामनवमीला बुवांनी आरती सुरू केली, तेव्हा बायकांची बाजू गच्च भरलेली होती. अध्यक्षांच्या आईंनी डोळे पुसत मालनताईंचा हात धरला.

“अगं, शेवट इतका गोड असतो होय!”