तिसरी खुर्ची

सकाळी अकरा वाजता श्वानपथकाच्या मैदानावर साहेबांनी सांगून टाकलं: पथकात यापुढे जागा एकाच कुत्र्याची. दोघांची परीक्षा होईल. हरेल ते सरकारी गोदामाच्या फाटकाला, साखळीवर.

भुरी फक्त वास काढायची. अमली पदार्थाची पुडी कुणाच्याही खिशात असो, ती त्याच्यासमोर जाऊन गुपचूप बसायची. काळ्या दोन्ही करायचा. वासही काढायचा आणि पळणाऱ्याला धरायचाही. भुरीची दोरी जिच्या हातात होती, तिच्या धाकट्या दिराकडे काळ्या होता. घरी दोघं एका पंगतीला जेवत. मैदानावर एकमेकांना पाण्यात पाहत.

"नुसतं हुंगत बसायला मांजरही चालेल, वहिनी," दीर म्हणाला. साहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"मांजर निदान भलत्याच माणसाला फाडत नाही."

"काळ्या एका दगडात दोन पक्षी मारतो."

"एक ना धड, भाराभर चिंध्या," ती म्हणाली.

भुरीने आपलं काम आधी उरकलं. ओळीने मांडलेल्या खुर्च्यांवर शिपाई बसले होते. ज्याच्या खिशात पुडी होती, त्याच्यासमोर ती बसली आणि तिकडेच बघत राहिली. साहेबांनी जांभई दिली.

मग काळ्या. हातावर जाड बाही चढवलेला शिपाई जीव खाऊन पळाला आणि काळ्याने त्याला मैदानाच्या मधोमध लोळवलं. साहेब टाळ्या वाजवत उभे राहिले.

"आता लगेच वास," ते म्हणाले. "बघू, एका दमात जमतं का."

दोन कामं करणाऱ्या कुत्र्याला काम कळतं ते अंगावरच्या पट्ट्यावरून. धरायचं असेल तर गळ्यात जाड चामड्याचा पट्टा; तो असला की हलेल त्या हातावर झडप. वास काढायचा असेल तर तो उतरवून छातीला सुती पट्टा बांधायचा, एक फेरी मारायची, मगच पुढे जायचं. पण टाळ्यांनी दिराचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तो तसाच खुर्च्यांकडे निघाला.

तिला चामड्याचा पट्टा दिसला. भुरी तिच्या पायाशी आडवी झाली होती. तिने भुरीची दोरी खांबाला अडकवली, तिसऱ्या खुर्चीवरच्या शिपायाला उठवलं, त्याच्याकडची पुडी आपल्या खिशात घातली आणि स्वतः बसली.

"वा, बाई खिलाडू आहेत," साहेब म्हणाले.

काळ्या ओळीवरून आला. मान ताठ. नाक बाजूला राहिलं होतं, डोळे माणसांच्या हातांवर होते. शिपाई शिकवल्याप्रमाणे मांड्यांवर हात ठेवून दगडासारखे बसले होते. काळ्या तिच्यासमोर आला तेव्हा तिने उजवा हात उचलला आणि कपाळाकडे नेला.

काळ्याने तो कोपराखाली धरला.

ती ओरडली नाही. हात ओढलाही नाही. ओढला असता तर मांस गेलं असतं, हे तिला ठाऊक होतं. "सोड" असं दिराला दोनदा म्हणावं लागलं. काळ्याने सोडलं. मग त्याने तिच्या खिशाशी नाक नेलं आणि तो समोर बसला. गुपचूप, भुरी बसते तसाच. शेपूट हलवत दिराच्या शाबासकीची वाट बघू लागला.

"हात का उचललात, वहिनी?"

"केस डोळ्यांवर आले."

"टोपी घातलीय तुम्ही."

दीर काळ्याला मागे घ्यायला वाकला, त्याच्या बोटांना चामडं लागलं, आणि तो तसाच वाकलेला राहिला.

"तुम्हाला दिसलं होतं," तो हळूच म्हणाला.

"तुझ्या कुत्र्याचा पट्टा मी बघायचा?"

साहेब जवळ आले. तिच्या बाहीतून ठिबकणारं रक्त त्यांनी पाहिलं, दिराकडे पाहिलंच नाही. "स्वस्थ बसलेल्या माणसाला चावणारं कुत्रं मी गोदामावरही ठेवणार नाही," ते हवालदाराला म्हणाले. "जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. कायमचं झोपवायची सुई घेऊन या म्हणावं." मग तिच्याकडे वळले. "बाई, तुम्ही स्वस्थच बसला होतात ना?"

दिराने मान वर केली.

"आधी हात दाखवून येते, साहेब," ती म्हणाली.

दुपारी एक वाजता दवाखान्यात तिला टाके घातले. बाहेरच्या बाकावर दीर बसून होता. साहेबांनी फोन करून तोच प्रश्न पुन्हा विचारला होता. तिने अजून उत्तर दिलेलं नव्हतं. जनावरांचे डॉक्टर निघाले होते.