स्लिपमधला गडी

महायुद्ध संपल्यावर कौंटीचा हा पहिलाच सामना. कर्णधार फेनविकनं बोटानं एकेकाला जागा दाखवली आणि खेळ सुरू केला. हेपवर्थच्या तिसऱ्याच चेंडूला बॅटची कड लागली, पण यष्टिरक्षकाशेजारी स्लिपमध्ये कुणीच नव्हतं. अकरावा, नवखा खेळाडू सूचनेची वाट पाहत कडेलाच उभा होता. हेपवर्थ भडकला. “साहेब, पाच वर्षांनी हाताशी आलेली विकेट गेली! स्लिपमध्ये काय भूत उभं केलंत?” फेनविक त्या मोकळ्या गवताकडे बघत राहिला. “सगडन तिथं आपणहून जायचा. चौदा वर्षांत मी त्याला एकदाही जागा दाखवली नाही.” हेपवर्थ वरमला. सगडनला फ्रान्समध्येच पुरलं होतं. “शहाणा गडी होता, साहेब. त्याला कधीच काही सांगावं लागलं नाही.” “एकदा लागलं,” फेनविक म्हणाला. “फौजेत नाव घालायला तो तयार नव्हता. लेकरं फार लहान आहेत, म्हणत होता.”